तुम्ही कुणाकडे?

फ्लॅट दिवसाच्या हिशेबाने भाड्याने देऊ द्यायचे की नाही, यावर मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये सध्या जोरात भांडणं चालू आहेत. विरोधकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "ही वस्ती आहे, लॉज नाही." पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये चार दिवसांचे पाहुणे कायमच राहत आले आहेत, फक्त त्या जागांना लॉज म्हणत नसत.

धोबी तलावचा जेर महाल बघा. तिथे गोव्यातल्या गावागावांचे क्लब आहेत, कोकणीत 'कूड'. बोटीवर काम करणारा गोवेकर दोन सफरींच्या मधले दिवस आपल्या गावच्या कुडात काढायचा, नाममात्र पैशात. बोट मिळाली की पेटी भिंतीशी ठेवून निघायचा. संध्याकाळी वेदीपुढे रोझरीला मात्र हजर राहावं लागे.

गिरणगावात तेच गावकीच्या खोल्यांचं. एका खोलीत वीस-पंचवीस जण, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी. जेवण खानावळवालीकडे. याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गर्दी होती, कटकटी होत्या, पण आत आलेला प्रत्येक माणूस कुणाचा तरी होता. कुणी वाकडं वागलं तर तक्रार थेट गावाला पोचायची.

याचं कौतुक मी जरा बेतानेच करतो. 'कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नसे, त्याचं काय? मुंबईच्या बाहेरचं उदाहरण आहे, पण ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढचे काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले. तेव्हा सोसायटीच्या ठरावात 'बाहेरचे लोक नकोत' असं लिहिलेलं दिसलं की मी दोनदा वाचतो.

आता मालकांची बाजू. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण नाव बघा, त्यात भाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंगचे दरही होते! घरांची भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. मग पागडी आली, आणि नंतर लिव्ह अँड लायसन्स. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: माणूस जितका कमी दिवस राहील तितकं बरं. पुढे कायदा बदलला, १९९९ चा नवा आला, पण अकरा महिन्यांची सवय गेली नाही. अकरा महिन्यांचे चार दिवस व्हायला फक्त मोबाइल यायचा बाकी होता. एअरबीएनबी २००८ ची, भीती त्याहून कितीतरी जुनी.

मी स्वतः अशा फ्लॅटमध्ये राहिलोय, गिरगावात, चार दिवस. किल्ली नंबरच्या कुलपाच्या डबीत. मालक शेवटपर्यंत दिसला नाही. वॉचमनने "कुणाकडे?" विचारलं तर मला फ्लॅटचा नंबर सोडून काही सांगता येईना. शेजारी सज्जन होते, पण त्यांच्या लेखी मी दर आठवड्याला बदलणारी एक बॅग होतो. आणि ज्या घरात एखादं कुटुंब वर्षभर राहिलं असतं, तिथे आता बॅगाच येतात-जातात, ही त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही.

सोसायट्यांनी नियम जरूर करावेत. पण पाहुण्याचं आडनाव विचारण्याआधी मालकाचा चालू फोन नंबर गेटवरच्या वहीत असावा. तिसऱ्या रात्री माझ्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी गळायला लागलं, तेव्हा त्या वहीत माझं नाव, गाव, आधारचे आकडे सगळं होतं. मालकाचा रकाना कोरा होता.