जुन्या छायाचित्रांतील आकाश पांढरे का?

नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्या काळची दख्खनची छायाचित्रे पाहा. आकाश कोरे पांढरे, कुंकू काळे. दोष काचेचा. आजच्या सेन्सरचे काम करणारी ती काच निळा रंग चटकन टिपत असे. तांबडा तिला जवळपास दिसतच नसे. हजूर साहिबचे केशरी निशाण तिच्यावर काळपटच उमटणार आणि उदगीर किल्ल्यावरचे ढग आकाशात विरून जाणार.

शिवाय कलोडियनची काच ओली असतानाच, दहा-पंधरा मिनिटांत, चित्रण आणि धुलाई उरकावी लागे. मराठवाड्याच्या वैशाखात तेवढीही सवड कुठली!

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी काच सुचवली. ती बाजारात रुळायला बरीच वर्षे गेली. उष्ण मुलखात जिलेटिन टिकेल का, ही शंका रास्तच होती; गरम पाण्यात धुताना लेप खरोखर सुटून येई. तरीही सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्यासारख्यांचा व्याप याच काचेमुळे वाढला.

तांबड्याचे आंधळेपण मात्र राहिले. इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सर्व रंग टिपणारी काच १९०६ मध्ये विक्रीस आणली. दीनदयाळ १९०५ मध्येच निवर्तले होते.