शार्क स्वस्त झाला तेव्हा

१९७४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ एक यांत्रिक शार्क समुद्रात उतरवला गेला. चित्रीकरणातली मंडळी त्याला ब्रूस म्हणत. खाऱ्या पाण्याने त्याच्या यंत्रणेची पार वाट लावली. कधी तो तळाशी जाई, कधी ऐन वेळी हलतच नसे. ५५ दिवसांचं काम १५९ दिवस चाललं आणि सुमारे ४० लाख डॉलरचा अंदाज ९० लाखांवर गेला. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यापुढे एकच वाट उरली: शार्क शक्य तितका लपवायचा. पाण्यावरून ओढली जाणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्स यांचे ते दोन सूर यांच्या जोरावर १९७५चा ‘जॉज’ उभा राहिला.

लपवण्याचा हा धडा स्पीलबर्ग यांनी आधी टीव्हीवर गिरवला होता. १९७१मध्ये एबीसी वाहिनीसाठी त्यांनी ‘ड्युएल’ चित्रित केला, तोही जेमतेम दोन आठवड्यांत. एका साध्या मोटारीच्या मागे लागलेला अजस्र ट्रक, आणि त्याच्या चालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. कमी पैशांतला टीव्हीपट किती उंची गाठू शकतो, हे ‘ड्युएल’ने दाखवलं. त्यामुळे पुढे आलेल्या शार्कपटांना तुटपुंज्या पैशांची सबब पुरत नाही.

‘जॉज’नंतर वर्षभरातच एनबीसीने ‘शार्क किल’ दाखवला. पण शार्क दाखवणं तेव्हा महागच होतं, त्यामुळे टीव्हीवर शार्कपटांची रांग लागली नाही. ती लागली संगणकामुळे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संगणकीय चित्रं छोट्या निर्मात्यांच्याही आवाक्यात आली. ‘न्यू इमेज’ कंपनीने १९९९मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘शार्क अटॅक’ काढला. २००२चा त्याचा तिसरा भाग मेक्सिकोच्या किनाऱ्यावर घडतो, पण चित्रित झाला बल्गेरियात. त्यात खऱ्या शार्कची जुनी दृश्यं जोडून मेगॅलोडॉन हा महाकाय शार्क उभा केला आहे. एका दृश्यात तो होडीएवढा, तर दुसऱ्यात जहाजाएवढा.

या मालाला कायमचं गिऱ्हाईक मिळालं ते साय-फाय वाहिनीचं. शनिवारी रात्री नवा राक्षस, हा तेव्हा तिचा शिरस्ता होता. खर्चाचा काही भाग उचलून वाहिनी प्रक्षेपणाचे हक्क घेई. उरलेला पैसा निर्माता डीव्हीडी आणि परदेशी विक्रीतून वसूल करी. अशा बाजारात नावच माल विकतं. ‘शार्कटोपस’ हे नाव वाहिनीनेच रॉजर कॉर्मन यांच्यापुढे ठेवलं. १९५४मध्ये काही हजार डॉलरांत ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’ काढणाऱ्या या मुरलेल्या निर्मात्यालाही ते आधी पटलं नव्हतं. तरी २०१०मध्ये अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस पडद्यावर आला. त्याआधी, २००९मध्ये, ‘द असायलम’ या कंपनीच्या ‘मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस’मध्ये शार्कने समुद्रातून उसळी मारून उडतं विमान पकडलं होतं. त्या एका दृश्यामुळे चित्रपटाची झलक इंटरनेटभर फिरली.

शार्क एकदा हवेत गेल्यावर वादळ लांब नव्हतं. ११ जुलै २०१३ रोजी ‘शार्कनेडो’ लागला. दिग्दर्शक अँथनी फेरांटे, लेखक थंडर लेविन, चित्रीकरण अवघ्या अठरा दिवसांचं. पहिल्या रात्री प्रेक्षक सुमारे १४ लाख, म्हणजे वाहिनीसाठी नेहमीइतकेच. पण ट्विटरवर लोक तुटून पडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाला सुमारे ३९ लाख प्रेक्षक मिळाले. २०१८पर्यंत सहा भाग झाले. अठरा दिवसांत लॉस एंजेलिस बुडवून दाखवणाऱ्या कामगारांचं कसब मोठंच आहे. पण हवा तेव्हा, हवा तितका शार्क मिळू लागला आणि त्याची वाट पाहायला लावणारी गोष्ट लिहिण्याची गरज संपली. या पटांत भीती उरली नाही, ती यामुळे.

जिवंत शार्कही याच वाटेवर मागे पडला. ‘जॉज’मधली काही दृश्यं रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात टिपली होती. शार्क मोठा दिसावा म्हणून लहान पिंजरा आणि ठेंगणा स्टंटमन घेतला होता. एक शार्क रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरांत अडकून असा पिसाळला की ते दृश्य सोडवेना. पिंजरा रिकामा दिसतो म्हणून कथा बदलली आणि मूळ कादंबरीत मेलेलं हूपर हे पात्र चित्रपटात वाचलं. पुढे टेलर दांपत्य शार्क वाचवण्यासाठी झटलं. १९८४मध्ये न्यू साउथ वेल्सने ग्रे नर्स शार्कला संरक्षण दिलं. त्या कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनीही उरलेलं आयुष्य त्याच कामाला वाहिलं.

२०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातले शार्क आणि त्यांच्या कुळातले रे मासे १९७०पासून ७१ टक्क्यांनी घटले, आणि मुख्य कारण बेसुमार मासेमारी. पहिल्या ‘शार्कनेडो’ची सुरुवात शार्कच्या परांचा सौदा चाललेल्या बोटीवरच होते. वादळ येतं, बोटीवरचे लोक मरतात, आणि गोष्ट तो धागा तिथेच सोडून लॉस एंजेलिसकडे निघते.