बंद दरवाजापर्यंतचा प्रवास

अमेरिकन साहित्यात कुटुंबाच्या प्रवासाला कथानकाच्या सोयीपलीकडचे स्थान आहे. विल्यम फॉक्नर यांच्या 'ॲज आय ले डाइंग' (१९३०) या कादंबरीतील बंड्रेन कुटुंब आईचे शव खटाऱ्यावर घालून दफनासाठी दूरच्या गावी निघते. जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (१९३९) मधील जोड कुटुंब ओक्लाहोमातील जमीन गमावून कॅलिफोर्नियाची वाट धरते. वाळवंट ओलांडताना आजी दगावते आणि प्रवास थांबू नये म्हणून आई रात्रभर शवाशेजारी मूक पडून राहते. या परंपरेचा विचार करताना १९८३ सालच्या एका लोकप्रिय हास्यपटाची आठवण अभ्यासकांना सहसा होत नाही. 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' हा तो चित्रपट. त्याची परंपरा मात्र हीच आहे.

चित्रपटाचे मूळ एका कथेत आहे. जॉन ह्यूज यांची 'व्हेकेशन '५८' ही कथा 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात १९७९ साली प्रसिद्ध झाली. मिशिगन राज्यातील एक कुटुंब १९५८ च्या उन्हाळ्यात डिस्नेलँड पाहण्यास मोटारीने निघते. निवेदक या घरचा लहान मुलगा आहे. वडिलांनी वॉल्ट डिस्ने यांच्या पायात गोळी घातली, ही वार्ता तो पहिल्याच वाक्यात निरागसपणे देऊन टाकतो. पुढचा सारा विनोद मुलाचा निर्विकार स्वर आणि प्रसंगांचे भयंकर स्वरूप यांतील अंतरातून निर्माण होतो.

१९५८ हे साल महत्त्वाचे आहे. डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडले. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर स्वाक्षरी केली. सुमारे ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची ही योजना होती आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. महायुद्धोत्तर समृद्धीत वाढलेल्या मध्यमवर्गाला मोटार, भरपगारी रजा आणि उपनगरातले घर यांबरोबर उन्हाळी सहलही आपल्या हक्काची वाटू लागली. स्टाइनबेक यांनी ज्या दिशेने भुकेलेले निर्वासित जाताना दाखवले, त्याच दिशेने वीस वर्षांच्या आत सहकुटुंब पर्यटक निघाले. हा रस्ता सर्वांना सारखा खुला नव्हता, हेही विसरता येत नाही. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे उतरता येईल, कोठे जेवता येईल, हे सांगणारे 'ग्रीन बुक' १९३६ पासून प्रसिद्ध होत होते. सहलीची सुखस्वप्ने रंगत होती त्या काळातही त्याची गरज संपली नव्हती.

दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस यांच्या चित्रपटाची पटकथा ह्यूज यांनीच लिहिली. पण तिने दोन मूलभूत बदल केले. काळ १९५८ वरून १९८३ वर आला आणि कथेचे केंद्र मुलाकडून पित्याकडे सरकले. शिकागोच्या उपनगरात राहणारा क्लार्क ग्रिसवॉल्ड (चेव्ही चेस) हा खाद्यपदार्थांत मिसळावयाच्या रसायनांचा व्यवसाय करणारा गृहस्थ. पत्नी विमानाने जाऊ या म्हणते, तो मोटारीचाच हट्ट धरतो. मधल्या पंचवीस वर्षांत १९७३ आणि १९७९ चे तेलसंकट येऊन गेले होते. १९७८ साली विमानवाहतूक सरकारी नियंत्रणातून मोकळी झाली होती. म्हणजे जे मुलाच्या आठवणीत काळाला धरून होते, ते पित्याच्या हातून कालबाह्य झाले आहे. क्लार्क सुटीवर निघालेला नाही. आपल्याला हवे तसे बालपण तो मुलांना बळेच देऊ पाहतो आहे. विक्रेत्याने गळ्यात मारलेली हिरवट, अवजड स्टेशन वॅगन या कालबाह्यतेचे दृश्य रूप होय. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रायस्लर कंपनीने मिनीव्हॅनचे उत्पादन सुरू केले आणि पुढे स्टेशन वॅगनचे दिवस सरले.

या प्रकाशात एडनाआत्याचा प्रसंग पाहावा. वाटेत सोबत घेतलेली ही खाष्ट म्हातारी गाडीतच मरते. तिचे शव टपावर बांधून कुटुंब पुढे जाते आणि पावसात तिच्या मुलाच्या घराच्या मागील अंगणात तिला ठेवून निघून येते. फॉक्नर आणि स्टाइनबेक यांच्या कादंबऱ्यांत शव हे कर्तव्याचे ओझे आहे. येथे ते सामान झाले आहे. ग्रँड कॅन्यनच्या काठावर क्लार्क दोनचार क्षण मान डोलावतो आणि निघतो. गंतव्याच्या ध्यासात माणूस आणि निसर्ग दोन्ही वाटेवरचे अडथळे ठरतात. प्रेक्षक हसतो, पण हे हसू सुखाचे नाही.

चित्रपट निर्दोष नाही. सेंट लुईसमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा प्रसंग वांशिक साच्यांवरच उभा आहे. रस्ता कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची संधी तेथे होती. चित्रपटाने उपनगरी भीतीलाच विनोद मानले.

शेवटी वॉली वर्ल्ड येते आणि ते दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद असते. मूळ चित्रीकरणात क्लार्क उद्यानाचा मालक रॉय वॉली याच्या घरी जाऊन त्याला धाक दाखवतो. हा शेवट कथेच्या जवळचा होता. चाचणी प्रेक्षकांना तो रुचला नाही. मग नवा शेवट चित्रित झाला: क्लार्क खोट्या पिस्तुलाच्या धाकाने पहारेकऱ्याकडून पाळणे चालू करवून घेतो आणि वॉली येऊन क्षमा करतो. हा बदल धंद्याच्या गणितातून झाला असला, तरी त्याला सांस्कृतिक अर्थ आहे. संपूर्ण प्रवासाची फजिती प्रेक्षकांनी आनंदाने स्वीकारली. पण दरवाजा बंदच राहणे त्यांना सोसले नाही. ह्यूज यांच्या कथेने जे वचन मोडलेले दाखवले होते, ते पाळले गेलेले पाहण्याची त्यांची मागणी होती.

२०१५ साली आलेल्या नव्या 'व्हेकेशन'मध्ये मुलगा रस्टी आता बाप झाला आहे आणि आपल्या कुटुंबाला घेऊन त्याच वॉली वर्ल्डकडे निघतो. वडिलांच्या ज्या हट्टाने त्याचे बालपण भंडावले, तोच हट्ट त्याला वारशात मिळाला आहे. स्टाइनबेक यांच्या जोड कुटुंबाला पश्चिमेकडे भुकेने ढकलले. ग्रिसवॉल्ड कुटुंबाला स्मृती ढकलते. भुकेला निदान अन्नाने उत्तर देता येते.