टळलेल्या वादळाचा पुरावा कुठे शोधायचा?

आपत्तींच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, तर एक गोष्ट लवकरच लक्षात येईल. मदतकार्याचे कागद भरपूर सापडतात. धान्य किती वाटलं, कपडे किती आले, देणगी कोणी दिली, सगळं लिहिलेलं असतं. चर्च आणि मिशनच्या दप्तरांत तर हे हमखास, कारण पैसे पाठवणाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो. पण वादळाआधी कोणी काय तयारी केली आणि त्यामुळे कोण वाचलं, असं विचारलं की कागद विरळ होतात. बुडालेल्या जहाजाची बातमी होते. इशारा ऐकून बंदरातच थांबलेल्या जहाजाची होत नाही.

आज ही अडचण एका जेझुइट धर्मगुरूच्या कामातून समजून घेऊ. बेनितो विन्येस हे त्यांचं नाव. जन्म १८३७, स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतातला. १८७० मध्ये ते क्युबातल्या हवानाला आले आणि जेझुइटांच्या बेलेन कॉलेजमधल्या वेधशाळेचे प्रमुख झाले. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. साखरेचा सगळा व्यापार जहाजांवर चालायचा आणि दरवर्षी जून ते नोव्हेंबर या काळात चक्रीवादळांची टांगती तलवार असायची.

फादर नेमकं काय करत होते?

दोन कामं. पहिलं म्हणजे रोज, दिवसातून अनेकदा नोंदी घेणं: हवेचा दाब, वारा, तापमान आणि मुख्य म्हणजे ढग. दुसरं काम वादळ गेल्यावर सुरू व्हायचं. जहाजांच्या कप्तानांच्या नोंदवह्या, गावोगावची पत्रं, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, सगळं ते गोळा करत. १८७६ च्या वादळांनंतर ते स्वतः उद्ध्वस्त भागात फिरले. झाडं कोणत्या दिशेला पडली, वारा किती वाजता फिरला, पाणी कुठवर चढलं, अशा खुणांवरून वादळाच्या केंद्राचा मार्ग मागे जाऊन काढता येतो. इतर लोक ज्या पडझडीकडे नुकसान म्हणून बघत होते, तीच यांच्यासाठी आकडेवारी होती. यातून १८७७ मध्ये अँटिलीस बेटांच्या चक्रीवादळांवरचं त्यांचं पुस्तक आलं.

विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी त्यांची पद्धत थोडी उलगडून सांगतो. चक्रीवादळात हवा खालून आत ओढली जाते, वर चढते आणि उंचावर बाहेर फेकली जाते. त्या उंचीवर बर्फकणांचे पांढरे, पिसासारखे तंतुमेघ तयार होतात आणि वादळाच्या खूप पुढे पसरतात. हे तंतू क्षितिजावरच्या ज्या बिंदूकडे एकत्र येताना दिसतात, साधारण त्या दिशेला वादळाचं केंद्र. तो बिंदू तासातासाला कुठे सरकतो ते बघा आणि सोबत बॅरोमीटर बघा. उपग्रह नसताना, एका गच्चीवर उभं राहून, शेकडो मैलांवरच्या वादळाचा माग काढायची ही युक्ती.

११ सप्टेंबर १८७५ ला त्यांनी हवानाच्या वर्तमानपत्रांत इशारा छापला. १३ तारखेच्या सुमाराला वादळ खरंच क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. पुढच्या काळात व्यापारी, जहाज कंपन्या आणि तारायंत्र कंपन्यांच्या मदतीने कॅरिबियन बेटांवर निरीक्षकांचं जाळं उभं राहिलं.

‘पहिला’ या शब्दापासून सावध राहा

१८७५ चा हा इशारा ‘चक्रीवादळाचा जगातला पहिला छापील इशारा’ म्हणून अनेक ठिकाणी उल्लेखला जातो. आता थोडं थांबा. मनिला वेधशाळेचे फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ च्या जुलैमध्ये टायफूनचा इशारा दिला, तोही ‘पहिला’. आपल्याकडे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या फादर लाफों यांनी १८६७ च्या नोव्हेंबरमधल्या वादळाचा अंदाज आधीच दिला होता असं सांगितलं जातं. हे लाफों म्हणजे जगदीशचंद्र बोस यांचे गुरू. त्याही आधी, १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याच्या चक्रीवादळात हजारो माणसं गेल्यावर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली होती. पुढे तशी व्यवस्था इतर बंदरांतही आली. कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी येते, ती याच परंपरेतली.

मग खरा पहिला कोण? माझ्या मते हा प्रश्नच संशोधनासाठी फारसा कामाचा नाही. ‘इशारा’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: वादळ ओळखणं, ते कळवणं आणि ऐकणाऱ्याने काही करणं. प्रत्येक ‘पहिला’ यातल्या वेगळ्या कडीवर उभा आहे. तुमच्या शोधनिबंधात ‘पहिला’ लिहायच्या आधी नेमकी कोणती कडी ते लिहा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

मधली कडी तुटते तेव्हा

१८७५ चं तेच वादळ क्युबा ओलांडून मेक्सिकोच्या आखातात शिरलं आणि १६ सप्टेंबरला अमेरिकेत, टेक्सासच्या इंडियानोला या बंदरावर आदळलं. गाव उद्ध्वस्त झालं, पुन्हा बांधलं गेलं, १८८६ मध्ये आणखी एका वादळाने पुन्हा मोडलं आणि लोकांनी ते सोडूनच दिलं. जवळच्याच गॅल्व्हेस्टन शहरात तेव्हा समुद्राला भिंत घालायची चर्चा झाली, पण भिंत झाली नाही. १८९१ मध्ये तिथले सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी तर मोठ्या वादळाची भीती निराधार आहे असं वर्तमानपत्रात लिहिलं.

विन्येस १८९३ मध्ये वारले. १८९८ मध्ये स्पेन युद्ध हरला आणि क्युबा अमेरिकेच्या ताब्यात गेला. अमेरिकी हवामान खात्याने हवानात स्वतःचं कार्यालय थाटलं. बेलेनचे निरीक्षक उगाच घबराट पसरवतात, असं या अधिकाऱ्यांचं मत होतं. १९०० च्या ऑगस्ट अखेरीला, ऐन वादळाच्या हंगामात, क्युबन निरीक्षकांच्या हवामानविषयक तारा पाठवण्यावर बंदी आली. गंमत बघा, याच खात्याने १८९८ मध्ये विन्येस यांच्या अखेरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं होतं. ग्रंथ मान्य होता, ग्रंथ लिहिणाऱ्यांची वेधशाळा मान्य नव्हती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एक वादळ क्युबावरून गेलं. वॉशिंग्टनचा अंदाज असा की ते ईशान्येला वळेल. विन्येस यांच्या जागी आलेले फादर गांगोइती म्हणत होते की ते आखातात शिरून जोर धरेल. ८ सप्टेंबर १९०० ला ते गॅल्व्हेस्टनवर आदळलं. शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्याही आत, आणि पाणी चढलं पंधरा फुटांहून जास्त. बळींचा अंदाज ६ ते १२ हजार.

किनाऱ्यावर ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द इन्कार्नेट वर्ड’ या संघाच्या जोगिणींचा अनाथाश्रम होता. आश्रम शहराबाहेर का, तर शहरातल्या पीतज्वरापासून मुलं लांब राहावीत म्हणून. पाणी वाढू लागलं तेव्हा सिस्टर्सनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांनी मुलांना आपल्या कमरेला बांधून घेतलं. दहा सिस्टर्स आणि नव्वद मुलं गेली. वाचले फक्त तीन मोठे मुलगे.

ही घटना सहसा त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तयारीच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ आहे. त्या बायकांनी तयारी केली होती. ती मागच्या संकटाची होती. पुढच्या संकटाची माहिती असणारी वेधशाळा हवानात होती, तीही त्यांच्याच धर्माच्या माणसांची, आणि मधली तार बंद होती.

नंतर गॅल्व्हेस्टनने काय केलं? १९०२ ते १९०४ मध्ये सतरा फूट उंच भिंत बांधली. मग समुद्रातली वाळू उपसून शहराची जमीनच उंच केली, दोन हजारांवर इमारती उचलून. सेंट पॅट्रिक चर्चची इमारत जॅक लावून पाच फूट वर घेतली. १९१५ मध्ये तसंच मोठं वादळ आलं, तेव्हा शहरातले मृत्यू १९०० च्या मानाने फारच थोडे होते.

तुमच्या संशोधनासाठी

‘तार गेली असती तर इतके लोक वाचले असते’ असं वाक्य लिहायचा मोह होईल. लिहू नका. शहराबाहेर पडायची सोय किती होती, लोकांनी ऐकलं असतं का, हे त्या तारेतून सिद्ध होत नाही. पण एवढं ठामपणे म्हणता येतं: ओळखण्याची कडी शाबूत होती, कळवण्याची कडी माणसांनी तोडली होती.

टळलेल्या वादळाचा पुरावा थेट मिळत नाही, आडून मिळतो. दोन वादळांची तुलना करा, १९०० आणि १९१५ सारखी. बंदराच्या वहीत इशाऱ्याच्या दिवशी किती जहाजं थांबली ते मोजा. तारांच्या नोंदीत वेळ बघा: कधी निघाली, कधी पोचली, कोणाच्या हातात पडली. आणि एखाद्या चर्चच्या, मिशनच्या किंवा सरकारी मदतीच्या दप्तरात काम करत असाल, तर वाटपाच्या याद्या बाजूला ठेवून आदल्या आठवड्याची पानं आधी उघडा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर तीही नोंद तुमच्या वहीत तारखेसकट उतरवून घ्या.