बोलोन्या : विद्यार्थ्यांच्या संघाची नऊ शतके

इंग्रजीत युनिव्हर्सिटी, फ्रेंचमध्ये युनिव्हर्सिते, स्पॅनिशमध्ये उनिव्हेर्सिदाद, पोलिशमध्ये उनिव्हेर्सितेत. युरोपभर फिरलेल्या या शब्दाचे नाते विश्वाशी लावून 'जिथे विश्वातले सारे ज्ञान मिळते ते स्थान' असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. अर्थ मोठा आकर्षक आहे, पण इतिहासाला धरून नाही. मूळ लॅटिन 'उनिव्हेर्सितास'चा अर्थ होता अनेकांनी मिळून झालेला एक समुदाय. रोमन कायद्याच्या परिभाषेत, संघ. सुतारांचा संघ असो वा व्यापाऱ्यांचा, त्यालाही हाच शब्द चाले. म्हणून कोणाचा संघ हे पुढे सांगावे लागे. इटलीतल्या बोलोन्या शहरात तो विद्यार्थ्यांचा होता.

संस्थेचे स्थापनावर्ष 1088 मानतात. त्या वर्षी कोणी सनद दिली नव्हती की कोनशिला बसवली नव्हती. अकराव्या शतकाच्या अखेरीस या शहरात रोमन कायदा शिकवणारे आचार्य नावारूपाला येत होते, त्यांत इर्नेरियस हा अग्रणी. सम्राट जस्टिनियनच्या संहितेवर तो ओळीओळीला टिपा देई. पुढे 1140च्या सुमारास ग्रॅशियनने याच शहरात चर्चच्या कायद्याचे महासंकलन सिद्ध केले आणि आल्प्सपलीकडून, जर्मनी-फ्रान्स-इंग्लंडहून, विद्यार्थी येऊ लागले. यातले बरेच जण वयाने मोठे आणि पैसेवाले होते, पण परक्या शहरात त्यांना कायद्याचे संरक्षण नव्हते. एखाद्याने कर्ज बुडवले, तर सावकार त्याच्या देशबांधवाला धरी. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने 1158मध्ये दिलेल्या 'हाबिता' या फर्मानाने हे थांबवले. विद्येसाठी प्रवास करणाऱ्याला अभय मिळाले, आणि खटला आपल्या गुरूपुढे चालवायचा की बिशपपुढे, हे निवडण्याची मुभाही मिळाली.

तरीही घरभाड्याचा, पुस्तकांच्या दराचा आणि शहराच्या दंडेलीचा प्रश्न उरलाच. त्यासाठी परगावच्या विद्यार्थ्यांनी संघ बांधले: एक आल्प्सअलीकडच्यांचा, एक पलीकडच्यांचा. त्यांच्या पोटात प्रदेशवार 'राष्ट्रे' होती. रेक्टर हा प्रमुख विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. बोलोन्याचे रहिवासी या संघांच्या बाहेर होते, कारण नागरिक म्हणून त्यांना हक्क होतेच. आणि आचार्यही बाहेर होते! विद्यार्थ्यांच्या शुल्कावर त्यांचा चरितार्थ चाले, त्यामुळे नियम विद्यार्थी करत. घंटेला तास सुरू झालाच पाहिजे, पुढच्या घंटेला संपलाच पाहिजे. अवघड प्रकरण गाळले तर दंड. शहराबाहेर जायचे तर परतण्याची हमी म्हणून अनामत ठेवायची. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर आचार्य गैरहजर समजून दंड. आचार्यांच्या हाती परीक्षा तेवढी राहिली. पदवी द्यायला लायक कोण हे तेच ठरवत. 1219पासून त्यावर पोपच्या आज्ञेने बोलोन्याच्या आर्चडीकनची संमतीही लागू लागली.

या साऱ्या वाटचालीत मला हा काळ सर्वांत मोलाचा वाटतो. संघाकडे स्वतःची इमारत नव्हती. तास आचार्यांच्या घरी किंवा भाड्याच्या खोल्यांत भरत. हीच त्याची ताकद होती, कारण शहराशी बिनसले की सगळेच्या सगळे निघून जाऊ शकत. 1222मध्ये असेच काही विद्यार्थी आणि आचार्य पादुआला गेले आणि तिथले विद्यापीठ उभे राहिले. पॅरिसची घडण निराळी. तिथे संघ मुळात आचार्यांचा, आणि ऑक्सफर्डने पुढे पॅरिसचीच रीत उचलली. दोन्हीकडे शब्द मात्र एकच राहिला. कालांतराने 'विद्यार्थ्यांचा', 'आचार्यांचा' ही पुढची पदे गळाली आणि नुसता 'संघ' म्हटले की विद्येचे स्थान, असा अर्थ रूढ झाला.

बोलोन्यात सत्ता हळूहळू निसटली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर आचार्यांना पगार देऊ लागले, आणि पगार देणाऱ्याचा शब्द वर चढला. 1506मध्ये शहर पोपच्या राज्यात सामील झाले. 1563मध्ये आर्किजिन्नासिओ ही भव्य वास्तू तयार झाली आणि विखुरलेले वर्ग एका छपराखाली, एका नजरेखाली आले. तिच्या भिंतींवर विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे आजही पाहायला मिळतात. 1732मध्ये लॉरा बास्सी या तरुणीने इथे पदवी मिळवली आणि त्याच वर्षी तिला अध्यापनपदही मिळाले. अठराव्या शतकातल्या युरोपात हे किती विरळा होते! नेपोलियनच्या काळात, 1803मध्ये, विद्यापीठ पालाझ्झो पोज्जी या वाड्यात हलले.

आपल्याकडे हा शब्द कायद्याने आला. 1857च्या बाविसाव्या अधिनियमाने मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. लंडनच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. कुलपती, कुलगुरू आणि फेलो यांचे मिळून एक निगम होईल, अशी त्या अधिनियमात तरतूद होती. म्हणजे 'उनिव्हेर्सितास'चा मूळ कायदेशीर गाभा त्यात शाबूत होता, विद्यार्थी मात्र त्यात नव्हते. 1859च्या पहिल्या मॅट्रिकला बसलेले महादेव गोविंद रानडे पुढे फेलो झाले, आणि त्या निगमाच्या आतून मराठीला उच्च परीक्षांत स्थान मिळावे म्हणून झटले.

बोलोन्याने 1888मध्ये आठशेवा वर्धापनदिन साजरा केला. 1088 हे वर्ष निश्चित झाले तेही याच निमित्ताने, कवी कार्दुच्ची यांच्या पुढाकाराने. 18 सप्टेंबर 1988 रोजी जगभरातल्या विद्यापीठांच्या प्रमुखांनी इथे विद्यापीठांच्या स्वायत्ततेच्या महासनदेवर सह्या केल्या. 1999च्या बोलोन्या जाहीरनाम्याने 29 युरोपीय देशांनी पदव्यांची रचना परस्परांशी जुळवण्याचे ठरवले, जेणेकरून विद्यार्थ्याला एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन शिकता यावे. आज या विद्यापीठात ऐंशी हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. रेक्टर हे पद अजून आहे, पण त्यावर प्राध्यापक असतो. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी विद्वत्सभेत बसतात.