मोटारीचे ओरखडे : घासावे किती?

मोटारीच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बहुधा कमी. झळाळी याच थराची आणि बारीक ओरखडेही बहुतांशी यातलेच. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे चरे हे धुळकट फडक्याचे काम. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत रोज पहाटे कोरड्या कापडाने गाड्या पुसल्या जातात, त्याचीच ही खूण.

पॉलिशने चरा भरून निघतो, हा गैरसमज आहे. वास्तविक भोवतालचा थर चऱ्याच्या तळापर्यंत झिजवला जातो आणि झिजलेला थर परत येत नाही. त्यामुळे दर दिवाळीला रबिंग करून घेण्याची हौस महागात पडते. नख अडकेल इतका खोल चरा असल्यास रंगकामच करावे लागते.

गाडी धुऊन क्ले बारने चिकटलेले कण काढावेत. मग सावलीत, थंड पत्र्यावर, आधी कंपाउंड व नंतर बारीक पॉलिश यंत्राने फिरवावे. कडांवर थर पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावावी. शेवटी वॅक्स.