टीएसी-००३ (विमान)

टीएसी-००३ हे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत स्वतः बांधलेले सहा आसनी, पंख्याच्या बळावर उडणारे प्रायोगिक विमान आहे. यादव हे मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. अमेरिकेत वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना त्यांना विमानबांधणीची ओढ लागली. पुढे ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. टीएसी-००३ पूर्वीचे त्यांचे दोन प्रयत्न पूर्णत्वास गेले नव्हते.

प्रायोगिक वर्ग

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या आराखड्यास प्रमाणपत्र मिळाल्यावरच त्याचे उत्पादन होते. प्रायोगिक वर्गात मात्र एकेक विमान स्वतंत्रपणे तपासले जाते व त्यातून व्यावसायिक प्रवासी वाहतूक करता येत नाही. अमेरिकेत एक आसनी ऑटोगायरोपासून लहान विमानांपर्यंत असंख्य हौशी रचना याच वाटेने आकाशात गेल्या. निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः केलेले असावे, ही तेथील मुख्य अट आहे. भारतात अशी परंपरा जवळजवळ नव्हती. यादव यांची अडचण समजून घेताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बांधणी

२००९-१०च्या सुमारास कांदिवलीतील चारकोप येथे, राहत्या इमारतीच्या गच्चीवर काम सुरू झाले. इमारतीस उद्वाहक नसल्याने सर्व साहित्य जिन्यावरून वर न्यावे लागे. सुमारे सहा वर्षांनी विमान आकारास आले, तेव्हा ते जिन्याने उतरवणे अर्थातच अशक्य होते. सुटे केलेले भाग क्रेनने खाली आणले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडण्यात आले. विमान १३,००० फूट उंची गाठू शकेल, असा यादव यांचा दावा होता.

नोंदणी व उड्डाण

बांधणीइतकाच काळ परवानगीत गेला. व्यक्तीने बांधलेल्या विमानासंबंधीचे नियम याच काळात बदलत राहिले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्हीटी-एनएमडी या चिन्हाने विमानाची नोंद केली. 'व्हीटी' ही भारतीय विमानांची खूण असून पुढील अक्षरे नरेंद्र मोदी व देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतली आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमाननिर्मिती प्रकल्प उभारण्यासाठी यादव यांच्या थ्रस्ट एअरक्राफ्ट कंपनीशी राज्य शासनाने सामंजस्य करार केला.

नोंदणी म्हणजे उड्डाणाची मुभा नव्हे; ती २०१९ मध्ये मिळाली. त्यानंतर २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून विमानाचे चाचणी उड्डाण झाले.